हुकाचं तोंड

दिवस वाईट गेला की लोक विचारतात, सकाळी कोणाचं तोंड बघून उठलीस? मला हे विचारायची सोय नाही. कामाच्या दिवशी मी पहिलं नीट बघते ते हुकाचं तोंड. घरात नवरा असतो, पण तो पांघरुणात असतो. मुलगी मोबाइलमध्ये असते. हुक मात्र समोर असतो, डोळ्यांच्या उंचीवर खाली घेतलेला, आणि डॉक्टर घसा बघतो तशी मी त्याच्याकडे बघते.

जळगावच्या एमआयडीसीत लोखंडी टाक्या आणि सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्रेन चालवते. चालवते म्हणजे वर केबिनमध्ये बसत नाही. गळ्यात रिमोटचा डबा अडकवून शेडमध्येच उभी असते, आणि छताखालच्या रुळांवरून क्रेन माझ्या बोटांनी पुढेमागे जाते. बाई क्रेन चालवते याचं पाहुण्यांना फार कौतुक. साहेब कोणाला तरी घेऊन येतात, माझ्याकडे हात करतात, पाहुणा "वा, वा" म्हणत जवळ येतो, आणि मी त्याला सांगते की वजन टांगलेलं असताना माझ्याशी बोलायचं नाही. मग कौतुक आटोपतं.

शिफ्ट सुरू झाली की कुठलंही वजन उचलायच्या आधी हुक तपासायचा. हे ऑपरेटरचंच काम, ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही. हुक खाली घ्यायचा, फडक्याने पुसायचा, कारण तेलाच्या थराखाली काहीही लपतं. चीर गेली आहे का, पीळ पडला आहे का, मोकळा फिरतो का, हे बघायचं. वरच्या तारेच्या दोरावरून हातमोजा घातलेला हात फिरवायचा. तार तुटली असेल तर हातमोजा अडकतो. मग लॅच. लॅच म्हणजे हुकाच्या तोंडावरची लहानशी पट्टी, स्प्रिंगवर मिटणारी. उचलायचा पट्टा एकदा हुकात घातला की तो निसटून बाहेर येऊ नये म्हणून ती असते, आणि ती हुकाच्या टोकाला टेकलीच पाहिजे. शेवटी तोंड मोजायचं. हुकावर दोन बारीक टोचे मारलेले असतात, एक टोकाजवळ, एक समोरच्या बाजूला. हुक नवा असताना त्या दोघांत जेवढं अंतर होतं तेवढंच राहायला हवं. हुकावर झेपेल त्यापेक्षा जास्त वजन पडलं की तो जरासा उघडतो, आणि एकदा उघडला की परत मिटत नाही. लोखंडाला लाज नसते, ते उघडंच राहतं.

हे सगळं होईपर्यंत शेड माझ्यावर वैतागते. फिटर, वेल्डर सगळे हात बांधून उभे. "अक्का, पोरगी दखाले उनी का?" असं कोणीतरी ओरडणार, मी हुकाला पसंत करायला आले आहे अशा थाटात. "हो, पण पोरगी तुझ्यासारखीच आहे, तोंड मिटत नाही," मी म्हणणार. रोज तेच. मला त्याचा कंटाळा आला नव्हता. आता त्या थट्टेत मी भाग घेत नाही, आणि हळूहळू त्यांनीही ती सोडून दिली आहे.

मी लहान क्रेनवर होते तेव्हापासून नाना माझे जोडीदार. वजनाला पट्टे-साखळ्या बांधायच्या, ते हुकात अडकवायचे, आणि क्रेनवाल्याला हाताच्या खुणांनी वर-खाली सांगायचं, हे काम करणाऱ्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. समुद्र बघितला नसला तरी चालतो. नानांनी तापी सोडून दुसरं पाणी बघितलं नव्हतं. एरंडोल आणि धरणगावच्या मधल्या एका खेड्यातून ते रोज यायचे, पांढरी टोपी काढून हेल्मेट घालायचे आणि सुट्टी झाली की हेल्मेट काढून टोपी. मला क्रेनची भाषा त्यांनी शिकवली. मी नवीन होते तेव्हा माझ्या हातून वजन हेलकावे खायचं, बाकीचे हसायचे, आणि नाना एक शब्द न बोलता मनगट हलवून मला सांगत राहायचे की थांब, थांबू दे त्याला, मग उचल. दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा. अर्धी भाकरी माझ्या डब्यात आलीच पाहिजे, नाहीतर रुसणार.

त्यांच्याइतका सावध माणूस मी पाहिलेला नाही. वजनाखालून ते कधी गेले नाहीत. कोणी जाताना दिसला तर शिवी हासडायचे, मग तो साहेब का असेना. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात त्यांच्यासमोर एक सोबती वजनाखाली गेला होता. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एवढंच सांगायचे की त्या वर्षी त्या क्रेनची पूजा झाली नव्हती.

म्हणून खंडेनवमीला नानांच्या अंगात संचार व्हायचा. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. वेल्डिंग मशीनला झेंडूची माळ, ग्राइंडरला हळदकुंकू, लेथपुढे नारळ. पण मोठ्या क्रेनच्या हुकाचं कौतुक वेगळं. नाना आदल्या दिवशी तो खाली घ्यायला लावायचे आणि स्वतः रंगवायचे. पिवळा ऑइलपेंट, दोन हात. तो वाळला की त्याच्यावर शेंदूर, तेलात कालवलेला, मारुतीला लावतात तसा. मग हार, मग नारळ. पूजा झाल्यावर त्या दिवशी हुकाला वजन लावायचं नाही. जुना क्रेनवाला निवृत्त होईपर्यंत असंच चाललं. तोही सकाळी हुकाला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि तपासणी झाली असं समजायचा.

तो गेल्यावर मोठी क्रेन माझ्याकडे आली ती नेमकी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. पूजा झाली. मीही प्रसादाचं खोबरं खाल्लं. आमचं घर बौद्ध, मी हात जोडत नाही, पण बाजूला उभी राहते, नारळ फोडायला दगड लागला तर आणून देते. कोणी कधी त्यावरून काही बोललं नव्हतं.

दसऱ्याची सुट्टी संपून कामावर आले आणि हुक खाली घेतला. बघते तर काय बघणार? पिवळा, शेंदरी, गुळगुळीत. चीर असेल तर रंगाखाली. टोचे कुठे आहेत ते हाताला लागेनात. लॅच बारीक तारेने बांधून ठेवलेली होती. मी विचारलं तर कळलं, ती मिटतच नाही, दोनदा नवीन बसवली तरी मिटत नाही, म्हणून बांधून टाकली. मी तारेचा ब्रश आणि खरवडायची पट्टी मागवली.

नाना तेव्हा पट्टे घेऊन येत होते. मी हुकाच्या पाठीवर पहिला ओरखडा ओढला आणि ते जागेवर थांबले.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"नाना, रंग काढते. खालचं काही दिसत नाही."

"परवा पूजा करी. देवले खरवडस का वं कोनी?"

मी म्हटलं, देव असेल तर त्याला राग येणार नाही, त्याचंच तोंड धुते आहे. हे मी हसत म्हटलं. नाना हसले नाहीत. मागून एकजण पुटपुटला की यांच्यात मानतच नाहीत, यांना काय त्याचं. मला ऐकू यावं एवढ्याच आवाजात. मी वळून काही बोलायच्या आत नानांनीच त्याला झापलं. "दिवसभर मन्हा जीव तिना हातमा ऱ्हास. तू चूप बस." आणि मग माझ्याकडे पाठ करून ते शेडच्या बाहेर गेले. मला त्यांनी वाचवलं आणि माझ्यावर रागावले, दोन्ही एकाच श्वासात. मला वाईट वाटलं, पण ब्रश मी खाली ठेवला नाही.

रंग कांद्यासारखा पदरापदराने निघाला. पिवळा, त्याखाली शेंदूर, त्याखाली कोणत्या तरी वर्षीचा चंदेरी, परत पिवळा. किती दसरे होते त्यात कोण जाणे. तळाशी लोखंड लागलं आणि दोन टोचेही सापडले. चीर नव्हती. मी मोजलं, मग परत मोजलं, मग साहेबांना बोलावलं. साहेबांनी स्वतः मोजलं, हुकाचा दाखला काढून त्यावरच्या मूळ मापाशी ताडून पाहिलं आणि डोकं हलवलं. तोंड उघडलं होतं. कधी, कोणत्या वजनाने, ते आता कोणालाच सांगता आलं नसतं. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढं, पण चालतं त्याच्या पलीकडे. लॅच बिचारी चांगली होती. तोंडच रुंद झालं तर ती टोकापर्यंत पोहोचणार कुठून?

साहेबांनी क्रेन तिथल्या तिथे बंद केली. नवीन हुक येईपर्यंत शेडचं निम्मं काम अडलं. सगळ्यांनी मला मनातल्या मनात जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं.

नवीन हुक आला, बसला. जुना एका कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यावर पडून होता. बाद झालेला हुक भंगारात देताना गॅस कटरने त्याचे दोन तुकडे करायचे, ही आमच्याकडची पद्धत. अख्खा गेला तर भंगारवाला तो विकतो, कोणीतरी रंग देऊन दुसऱ्या ठिकाणी टांगतो. कटरवाला नळ्या ओढत आला, त्याने काच डोळ्यांवर घेतली, आणि नाना त्याच्या आणि हुकाच्या मध्ये उभे राहिले.

मी नानांना कधी कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे जोडले. "साहेब, याले कापू नका. मी पुजेल शे याले. इतला वरीस व्हयनात, याना खाले कोनले खरचटनंबी नही. माले द्या. गावले निंबना खाले ओटावर ठेवसू." दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. त्यांना दुसरं काही नको होतं, शाल नको, घड्याळ नको.

मी म्हटलं, साहेब, कापा. नाना, कापून अर्धा न्या, दोन्ही तुकडे न्या, पण अख्खा नको.

"तुकडा व्हयेल देव कोनी घरमा ठेवस का?" नाना म्हणाले. आणि हे खरंच होतं. भंगलेली मूर्ती कोणी पुजत नाही, ती नदीत सोडतात. त्यांच्या हिशोबात कापल्यावर देवपण संपलं असतं. माझ्या हिशोबात कापल्याशिवाय धोका संपत नव्हता. आम्ही दोघंही एकाच हुकाबद्दल बोलत होतो आणि एकमेकांचं काहीही ऐकत नव्हतो. माझा आवाज चढला. मी म्हणाले की एवढी वर्षं काही झालं नाही ते नशीब होतं, हुकाची पुण्याई नव्हती. नानांचा चेहरा असा झाला की मी पुढचं गिळलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. वाईट माणूस नाही तो. "अक्का, म्हाताऱ्याचं मन कशाला मोडता? ओट्यावर राहणार आहे तो. वापरणार थोडाच कोणी." मग नानांना म्हणाले, याला वजन लावायचं नाही, कधीच नाही, कबूल? नानांनी हुकावर हात ठेवला आणि कबूल म्हणाले. मनापासून म्हणाले. तेव्हा ते खोटं बोलत होते असं मी आजही मानत नाही. कटरवाल्याने काच वर केली आणि नळ्या गुंडाळल्या.

संध्याकाळी नानांचा मुलगा मोटरसायकल घेऊन हुक न्यायला आला. तीसेक वर्षांचा, उन्हाने रापलेला, हसरा. विहिरी खोदायचं काम करायचा. त्याची आणि एका भागीदाराची मिळून एक यारी होती. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभी करायची छोटी क्रेन: इंजिन, एक लोखंडी हात, आणि तारेला टांगलेली लोखंडी बादली. खाली माणसं सुरुंगाने फुटलेला दगड बादलीत भरतात, यारी ती वर ओढते, काठावर रिकामी करते, परत खाली सोडते. त्याने हुक गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटवर आवळून बांधला. "अक्का, आबा घरमा तुम्हनं लई नाव काढतस," मला म्हणाला. घरी आणि गावात नानांना आबा म्हणतात. मग हुकावर थाप मारून, "कंपनीनी आबासले भारी मान दिधा." मी नानांकडे बघितलं. नाना त्याच्या गाठी तपासत होते, खलाशाला दुसऱ्याने बांधलेली गाठ पटत नाही. मला वाटलं, घरी गेल्यावर सांगतील.

नाना निवृत्त झाले. शाल-नारळही मिळालाच. त्यांचा राग निवळला, अधूनमधून फोन करायचे, नवीन खलाशी नीट बांधतो का विचारायचे. नाही म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. हुक परत पिवळा रंगवून ओट्यावर ठेवला, हेही फोनवरच सांगितलं. थंडीत भरीत खायला शेतावर ये म्हणाले. माझं जाणं झालं नाही, मुलीची परीक्षा होती.

उन्हाळ्यात विहिरींची कामं जोरात असतात, पाणी तळाला गेलेलं असतं. एका सकाळी मी हुक पुसत होते आणि नानांच्या गावचा एक वेल्डर हेल्मेट हातात घेऊन शेडमध्ये आला. नानांचा मुलगा गेला. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या बाजूला कोणाच्या तरी शेतात विहीर चालू होती. तो खाली उतरून दगड भरत होता, भागीदार वर इंजिनवर. भरलेली बादली वर येताना विहिरीच्या भिंतीतल्या दगडाला घासली, क्षणभर टेकली, तार सैल पडली, आणि बादलीची कडी हुकातून सुटली. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत त्याचा जीव राहिला नाही.

मी विचारलं, "कोणता हुक होता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माणूस गेला आणि ही बाई हुक विचारते. वेल्डरलाही राग आला असावा, तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तोच. पिवळा. आबाना."

मला आधी राग आला. रडू नंतर आलं, घरी, नळ चालू ठेवून. पण आधी राग आला, आणि तो इतका होता की मी रिमोटचा डबा गळ्यातून काढून ठेवला, कारण अशा हातांनी क्रेन चालवायची नसते. मला नानांचा राग आला, साहेबांचा आला, आणि त्या हसऱ्या पोराचासुद्धा आला. हुक कापायच्या दिवशी गॅस तयार होता. दोन मिनिटांचं काम होतं. माझं म्हणणं बरोबर निघालं होतं, आणि आयुष्यात कधी बरोबर असल्याची एवढी किळस मला आली नव्हती. आयुष्यभर मी घरी-दारी, भांडणात, "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य मोठ्या चवीने म्हणत आले आहे. ते त्या दिवसापासून माझ्या तोंडी आलेलं नाही.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, तुम्ही जाऊन या, मला नाही जमणार. मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी एरंडोलला उतरून रिक्षाने त्यांच्या गावाला दारावर, म्हणजे सांत्वनाला, गेले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. घरासमोर कापडाचा मांडव घातला होता, त्याखाली गावातली माणसं गुडघे दुमडून बसली होती. दारापाशी कडुलिंबाचं झाड आणि त्याच्याखाली ओटा. ओट्यावर शेंदूर फासलेले दोन दगड होते आणि शेजारी रिकामी जागा, तिथला शेंदूर गोल वाळलेला. हुक पोलिसांनी पंचनामा करून नेला होता.

नाना भिंतीला टेकून बसले होते. डोकं भादरलेलं. मुलाला अग्नी बापानेच दिला होता, नातू नव्हता, एक लहान नात होती. टोपीशिवाय त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं. इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं.

"उनी का पोरी. बस."

मी बसले. आजूबाजूच्यांनी थोडी जागा केली. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. नाना माझ्याकडे न बघता बोलायला लागले, हळू, कोणाला तरी काम समजावून द्यावं तसे.

"त्यानी यारीले सळईना हुक व्हता. वाकाडेल सळई. तो खाले उतरे अनं माले आठे घरमा घाम फुटे. एक दिवस जाईसन दखं मी. म्हनं, हाऊ हुक काढ. तो म्हने, आबा, नवा लेवाले जासू पुढला महिनामा." त्यांनी ओट्याकडे हात केला. "मीच दिधा. तो नको म्हने. म्हने, तुम्हना देव शे, ऱ्हाऊ द्या ओटावर. मीच काढीसन दिधा. म्हनं, याना खाले तुले काय व्हवाव नही."

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"बठ्ठासमा मजबूत व्हता ना वं तो?"

"हो, नाना. सगळ्यांत मजबूत होता." आणि तो होताच. तुटला नाही, फक्त तोंड मिटत नव्हतं. लोखंडात कुठे चीर नव्हती. सळईच्या हुकाशेजारी तो ठेवला असता तर कोणत्याही बापाने तोच उचलून दिला असता.

"त्या दिवशी तू मोजं व्हतं. तोंड कितलं उघडेल व्हतं?"

आकडा मला पाठ होता. आकडा मला आजही पाठ आहे. पण त्या भादरलेल्या डोक्याकडे बघून तो मला सांगता येईना. "थोडंसं, नाना," मी म्हणाले.

"थोडंसंच," त्यांनी मान हलवली. "मालेबी तसंच वाटनं. थोडंसंच." जणू मी त्यांना काहीतरी दिलं होतं आणि ते त्यांनी खिशात ठेवलं. मला वाटलं, बरं झालं. एवढं तरी मी करू शकले.

आतल्या दाराच्या चौकटीला धरून त्यांची सून उभी होती. ती केव्हा आली ते मला कळलं नाही. डोक्यावरून पदर, काखेत पोर झोपलेलं. रडून रडून डोळे आत गेलेले, पण आवाज कोरडा होता. सासऱ्यासमोर ती एरवी मोठ्याने बोलत नसावी, कारण ती बोलली तेव्हा म्हातारी माणसंही वळली.

"ताई, तोंड उघडेल शे, हाई कोनले कोनले माहीत व्हतं?"

प्रश्न मला होता. मी आठवून सांगायला लागले, कारण मला विचारलेल्याचं उत्तर द्यायची सवय आहे. मला माहीत होतं. साहेबांना होतं. गॅस कटरवाल्याला, फिटरांना, वेल्डरांना, क्रेन बंद राहिली म्हणून वैतागलेल्या सगळ्या शेडला माहीत होतं. मग मी नानांकडे बघितलं आणि थांबले. नानांनी डोळे मिटून घेतले होते.

तिने माझं अर्धं उत्तर ऐकून घेतलं. काखेतलं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं.

"म्हनजे बठ्ठासले माहीत व्हतं," ती म्हणाली. "फक्त खाले उतरे त्याले नही."